पिकअपचा हीटर कोमट फुंकतो, गाडी २००८ ची. कॉइल बदलू का?

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ४ जानेवारी, सकाळी ९.१०

राम राम मंडळी. गाडी २००८ ची डिझेल पिकअप, मी तिसरा मालक. दिवाळीच्या आधी शहाद्याकडच्या एका माणसाकडून घेतली. आठवड्यातून तीन रात्री केळी भरून इंदूरला जातो. अकराला शिरपूर सोडलं की पहाटे चार-साडेचारला मंडीत.

आपल्याकडे हीटरचं नाव कोण घेतं? डिसेंबरात पहिल्यांदा खटका लाल बाजूला ओढला तेव्हा कळलं, आतून येते ती नुसती शिळी हवा. ना गार ना गरम, कपात उरलेल्या चहासारखी. परवा खलघाटला नर्मदेच्या पुलावर धुकं होतं. काच आतून अशी धुरकटली की क्लीनर मफलरने पुसत होता आणि मी त्या पुसलेल्या भोकातून रस्ता बघत होतो.

एक गंमत आहे. बिजासन घाट चढताना बऱ्यापैकी ऊब येते. घाट संपून सेंधव्याच्या पुढे साठ-सत्तरने लागलो की पाच मिनिटांत परत गार. टेम्परेचरचा काटा घाटात पावावर, सपाटीला त्याच्याही खाली.

एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडता सांगितलं, ‘हीटर कॉइल गेली, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, साडेसात हजार.’ खर्च करायला ना नाही, पण आधी इथे विचारतो.

केळीपट्टा_रावेर · ४ जानेवारी, सकाळी ९.४०

हाऊ हीटर शे का पंखा शे भो?

रेडिएटरपुढे पुठ्ठा लाव. केळीच्या खोक्याचा फाडायचा, जाळीत अडकवायचा. मी दरवर्षी लावतो. दिल्लीकडे जाणारी निम्मी पोरं लावतात.

साक्रीचा_ट्रकवाला · ४ जानेवारी, सकाळी १०.०५

काचेला तंबाखू चोळ. एक नंबर.

केळीपट्टा_रावेर · ४ जानेवारी, सकाळी १०.०८

दादा, तंबाखू पावसात बाहेरून चोळतात. हे आतलं बाष्प आहे. आतून चोळली तर इंदूरपर्यंत शिंकत जाईल तो.

निवृत्त_फोरमन_धुळे · ४ जानेवारी, दुपारी १.३०

शिरपूरकर, अजून एक रुपया खर्च करू नका. अर्धं निदान तुम्हीच लिहिलं आहे, फक्त तुमच्या ते लक्षात आलेलं नाही.

मी बसच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. हीटर गार असल्याची तक्रार आली की आम्ही आधी एकच गोष्ट विचारायचो: गाडी उभी असताना गार, की पळताना गार? उभी असताना, आयडलला गार पडतो आणि रेस दिली की गरम होतो, तर पाणी कमी आहे, आत हवा पकडली आहे किंवा वॉटर बॉडीची (पाणी फिरवणाऱ्या पंपाची) पाती झिजली आहेत. याच्या उलट, चढावर गरम आणि सपाटीला वेगात गार, काटाही खाली, तर इंजिनच तापत नाही. सपाटीला इंजिनावर लोड कमी आणि समोरून वारा जोरात. पाणी रेडिएटरमधून सतत फिरत राहिलं की तो वारा सगळी उष्णता घेऊन जातो. इंजिन गार, मग हीटर बिचारा कुठून आणणार?

हीटरला स्वतःची शेगडी नसते. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर, त्यालाच कॉइल म्हणतात. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने आत येतं, दुसरीने परत जातं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. बास. म्हणून आधी पाणी तपासायचं, डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना हे करा. रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवून गाडी चालू करा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब, मफलर घरात ठेवून या. थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, चांगला असेल तर ती नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम चटका देते. पहिल्या दोन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेली, तर वॉल उघडा अडकला आहे. किंवा तो तिथे नाहीच.

मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणाऱ्या हीटरच्या दोन बारीक नळ्या दिसतील. दोन्हींना हात लावा आणि काय वाटलं ते इथे लिहा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. मी असा भाजलेला माणूस दवाखान्यात नेलेला आहे.

कापूसवाला_अमळनेर · ४ जानेवारी, दुपारी ३.१५

माझाही हीटर कोमट होता, पण दुखणं वेगळंच निघालं. माझी गाडी जिनिंगला कापूस नेते. जुन्या पिकअपला केबिन फिल्टर नाही. ब्लोअर चारवर लावला तरी हवा तोंडापर्यंत यायची नाही, आवाज मात्र भरपूर. ग्लोव्हबॉक्स काढून ब्लोअर खाली घेतला तर पात्यांत कापसाची आख्खी गादी. मागे एसीच्या जाळीवर वेगळी. वरून उंदराने घर केलेलं, आत तीन पिल्लं. बायको म्हणाली त्यांना आता थंडीत बाहेर काढू नका. दोन दिवस गाडी बंद ठेवली, काय करता.

त्यामुळे हवेचा जोर आधी बघ भाऊ. हवा कमी येते की हवा गार येते, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आणि ब्लोअर फक्त चारवरच चालतो, एक-दोन-तीनवर मुका, असं असेल तर रेझिस्टर जळालेला असतो. मोटर बदलत बसू नको.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ४ जानेवारी, संध्या. ७.५०

हवेचा जोर चांगला आहे, चारही स्पीड चालतात. उंदीर नाही, आईने मांजर पाळली आहे.

काका, उद्या सकाळी बघतो. एक विचारायचं होतं. घरात कोरोनातली कपाळाला धरायची बंदूक आहे. तिने नळ्या मोजू का?

निवृत्त_फोरमन_धुळे · ४ जानेवारी, रात्री ८.२०

ती माणसाचा ताप मोजायला आहे. बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर ती नुसतं ‘हाय’ दाखवते. हात पुरे. पाच सेकंद हात ठेवता येत नाही ती गरम, ठेवता येतो ती कोमट.

मोलगी_डोंगर · ४ जानेवारी, रात्री १०.३०

आमच्याकडे डाब गावात पहाटे गवतावरचं दव गोठतं. माझ्या जीपचा हीटर तीन वर्षं बंद आहे. मी मागे लोखंडी शेगडीत निखारे ठेवतो. मस्त ऊब येते.

वैशाली_जळगाव · ४ जानेवारी, रात्री १०.४१

मोलगीकर दादा, आजपासून बंद करा. काचा लावलेल्या गाडीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. मागच्या सीटवर मुलं असतील तर त्यांना आधी लागतं. घोंगडी घ्या, दोन स्वेटर घाला, पण शेगडी नको.

मोलगी_डोंगर · ४ जानेवारी, रात्री १०.५५

काच थोडी उघडी ठेवतो ताई. पण ठीक आहे, काढतो. बायकोही डोकं दुखतं म्हणत होती, मला वाटलं घाटाने.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ५ जानेवारी, सकाळी ८.२५

काका, हात ठेवून उभा होतो. दीड मिनिटात वरची नळी कोमटायला लागली. एकदम चटका वगैरे काही नाही, पाणी तापत ठेवल्यासारखी हळूहळू.

मग करवंद गावापर्यंत जाऊन आलो. हीटरच्या दोन्ही नळ्या कोमट. एक थोडी जास्त, एक थोडी कमी. दोन्हींवर हात आरामात राहतो.

निवृत्त_फोरमन_धुळे · ५ जानेवारी, सकाळी ९.००

मग आज वॉलचं घर उघडा. वरची जाड नळी इंजिनाला जिथे येते तिथलं ॲल्युमिनियमचं टोपण. दोन-तीन बोल्ट असतात. इंजिन गार हवं, खाली बादली हवी. कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यातलं रसायन, जमिनीवर सांडू देऊ नका. गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

माझा अंदाज सांगू? आत काही सापडणार नाही.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ५ जानेवारी, दुपारी १२.१५

काका, नमस्कार घ्या.

टोपण उघडलं. आत वॉल नाही. वॉल बसायची खाच आहे, खाचेत गंज आहे, आणि कोणीतरी गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापून टोपण बसवून दिलेलं. पोकळ! बोट घातलं तर सरळ आत गेलं.

शहाद्याच्या माणसाला फोन केला. म्हणाला, ‘कसला वॉल? तो मी घेतली तेव्हाही नसेल. हीटर मी कधी लावलाच नाही.’

केळीपट्टा_रावेर · ५ जानेवारी, दुपारी १२.४०

पण वॉल काढतातच ना आपल्याकडे? जळगाव-भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. इथे वॉल ठेवला तर गाडी उकळेल. आमचा मिस्त्री नवी गाडी आली तरी पहिला वॉल काढून देतो, फुकटात.

वैशाली_जळगाव · ५ जानेवारी, दुपारी १.२०

इथेच घोळ होतो. मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवते. दरवर्षी वर्गात अर्धी मुलं हेच सांगतात, कारण त्यांच्या वडिलांनी, काकांनी, मिस्त्रीने हेच सांगितलेलं असतं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी असलेली झडप. ब्याऐंशीचा वॉल असेल तर पाणी साधारण ८२ अंशाला आलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडायला लागते. आणखी दहा-बारा अंश चढले की पूर्ण उघडी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळ हायवेला तुमचं इंजिन तापलेलंच असतं, म्हणजे झडप उघडीच असते. उघडी झडप आणि नसलेली झडप यांत गार करण्याच्या दृष्टीने नावालाच फरक. उन्हाळ्यात गाडी उकळत असेल तर दोष चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा, थकलेला पंखा, गळकं झाकण यांच्यात शोधायचा. उघडा न होता बंद अडकलेला वॉल गाडी उकळवतो हे खरं. पण मग तो बदलायचा.

आणि काही इंजिनांत उलटंच होतं. तिथे वॉलच्या खाली दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती चकती बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉल काढला की बायपास कायम उघडा. काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत. म्हणजे गार राहावी म्हणून वॉल काढला आणि उन्हाळ्यात गाडी जास्त तापली!

हिवाळ्यात तर सरळ नुकसान आहे. गार डिझेल इंजिन जास्त डिझेल पितं, पांढरा धूर सोडतं, ऑइल लवकर खराब करतं, आणि सिलिंडर-रिंगा जास्त झिजतात.

केळीपट्टा_रावेर · ५ जानेवारी, दुपारी १.३१

मग माझा पुठ्ठा?

निवृत्त_फोरमन_धुळे · ५ जानेवारी, दुपारी २.००

तुमचा पुठ्ठा म्हणजे नसलेल्या वॉलची भरपाई. ज्याच्या गाडीत वॉल आहे त्याला आपल्या थंडीत पुठ्ठा लागत नाही. आणि पुठ्ठा काढायचं विसरून कोणी घाटाला लागला तर काट्यावर लक्ष ठेवायची पाळी येते.

शिरपूरकर, नवा वॉल घेताना आधी पातेल्यात तपासा. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर जो आकडा कोरला असेल त्याच्या आसपास उघडला पाहिजे. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते. नवी गॅस्केट घ्या, सिलिकॉनचा लेप नको.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ६ जानेवारी, रात्री ९.३०

वॉल साडेचारशेत मिळाला. मोठा भाऊ दूध डेअरीत आहे, त्याचा दुधाचा थर्मामीटर आणला. आईने तिचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, गोठ्यातलं घेतलं. ८१-८२ ला झडप हलायला लागली. अंगणात आम्ही पाच जण पातेल्याभोवती वाकून, जणू पुरणाला चटका लागतोय.

बसवला. आता काटा मध्यावर येऊन थांबतो, सपाटीलाही हलत नाही. इंजिनाचा आवाजही मऊ वाटतो, की माझ्या मनाचे खेळ?

पण हीटर... कोमटच. थोडा बरा, पण हात शेकत नाही. ब्लोअरच्या तोंडाशी तोच थर्मामीटर धरला, ३४. आता काय?

कापूसवाला_अमळनेर · ६ जानेवारी, रात्री ९.४४

साडेसात हजारवाला मिस्त्री हसत असेल आता.

निवृत्त_फोरमन_धुळे · ६ जानेवारी, रात्री १०.१०

हसू दे. आता नळ्या परत बघा. काल दोन्ही कोमट होत्या, त्यावरून कॉइलबद्दल काही बोलणं शक्यच नव्हतं. आता इंजिन तापतंय, आता नळ्या खरं बोलतील.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ७ जानेवारी, सकाळी ७.४५

आत जाणारी नळी: हात ठेवला आणि शिवी आली.
परत येणारी: कोमट. चांगलाच फरक आहे.

डॅशबोर्डच्या मागून रेस देताना गुळगुळ आवाजही येतो, घागरीत पाणी हलतं तसा.

निवृत्त_फोरमन_धुळे · ७ जानेवारी, सकाळी ८.३०

गुळगुळ म्हणजे हवा. परवा पाणी काढलं-भरलं त्यात पकडली असेल. आणि एक गरम-एक कोमट म्हणजे पाणी आत जातंय पण धड फिरत नाही. तीन कारणं: हवा, नळीवरचा हीटर कॉक अर्धवट उघडणं, किंवा चोंदलेली कॉइल. याच क्रमाने बघा, कारण पहिली दोन फुकटात होतात.

मागचा मालक रेडिएटरमध्ये काय भरत होता?

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ७ जानेवारी, सकाळी ८.४२

बोअरचं पाणी असणार. झाकणाखाली पांढरा थर होता.

कॉक पाहिला. केबल ढिली, खटका पूर्ण लाल बाजूला नेला तरी कॉकची दांडी बोटभर अलीकडेच थांबायची. क्लिप पुढे सरकवून घट्ट केली. आता दांडी टोकापर्यंत जाते. थोडा फरक पडला, ३९.

वैशाली_जळगाव · ७ जानेवारी, सकाळी ९.१५

बोअरचं पाणी असेल तर कॉइल चोंदलेली निघणारच. आपल्याकडच्या पाण्याने घरातला गिझर दोन-तीन वर्षांत पांढरा होतो, त्या कॉइलच्या नळ्या तर काडीएवढ्या.

दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूने सोडा आणि बागेच्या पाइपने उलट दिशेने पाणी सोडा, म्हणजे परतीच्या नळीतून आत, आत जाणाऱ्या नळीतून बाहेर. नळ अर्धाच उघडा. ही यंत्रणा साधारण एक बार दाबावर चालते. जुनी कॉइल मोटारपंपाच्या दाबाला फुटली तर मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आणि कोणी संडास धुवायचं ॲसिड घालायला सांगेल, ते ऐकू नका. क्षार जाईल, त्याच्याबरोबर कॉइलही.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · ८ जानेवारी, संध्या. ६.२०

आज सुट्टी होती, सगळा दिवस यातच गेला.

पाणी सोडलं तर पहिली दोन मिनिटं बाहेर नुसती धार, मुलं मुततात तेवढी. मग भसकन गेरूसारखं पाणी. बादलीत बोट फिरवलं तर तळाशी पांढरे-तांबडे पापुद्रे, नखाएवढे, अंड्याच्या कवचासारखे कुरकुरीत. परत उलटं, परत सुलटं, असं सात-आठ वेळा केलं. शेवटी धार पाइपाएवढी जाड आणि स्वच्छ.

मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हवा काढायला गाडीचं तोंड गोठ्याच्या उतारावर चढवलं, झाकण उघडं ठेवून, हीटरचा खटका लाल बाजूला, मग इंजिन गार असतानाच चालू करून आयडलला सोडलं. नळ्या दाबत राहिलो. पंधरा मिनिटं बुडबुडे येत होते, दोनदा कुलंट टाकावं लागलं. मग वरची नळी अचानक चटका द्यायला लागली, काका म्हणाले होते तशी! झाकण लावलं. गुळगुळ गेली.

ब्लोअरच्या तोंडाशी ५६. भावाने थर्मामीटर मागे घेतला, म्हणाला डेअरीचा आहे, फुटेल.

निवृत्त_फोरमन_धुळे · ८ जानेवारी, संध्या. ७.००

छान. आता आठवडाभर दोन गोष्टी बघा. रोज सकाळी गार इंजिनाला कुलंटची पातळी. आणि डाव्या बाजूची पायाखालची मॅट. क्षार निघून गेल्यावर कधी कधी त्याच्याखालचं भोक उघडं पडतं. मॅट ओली झाली, केबिनमध्ये गोडसर वास आला किंवा काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर बसला, तर कॉइल गळते. तेव्हा मात्र त्या साडेसात हजारांचा विचार करा.

काचेसाठी: हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, आतलीच फिरवू नका. एसी चालत असेल तर हीटरबरोबर तोही लावा. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर तीच हवा गरम करतो, काच दोन मिनिटांत कोरडी.

शिरपूरकर_पिकअप (धागाकर्ता) · १० जानेवारी, सकाळी ११.०५

काल इंदूर करून आलो. खलघाटला धुकं होतंच, काच स्वच्छ. क्लीनरने सेंधव्याच्या पुढे स्वेटर काढला आणि मानपूरला झोपला. आता हीटर जरा कमी करायला शिकतोय.

मॅट कोरडी. डिझेलचं अजून सांगता येत नाही, महिनाभर हिशेब ठेवतो. काका, ताई, शिरपूरकडे आलात तर घरी या. भरीत-पुरीचा बेत पक्का, वांगी आमच्याच शेतातली.

केळीपट्टा_रावेर · १० जानेवारी, रात्री ८.५०

आज पुठ्ठा काढून टोपण उघडलं.

माझ्यातही नाही.

निवृत्त_फोरमन_धुळे · १० जानेवारी, रात्री ९.०५

वॉल घ्यायला जाल तेव्हा गॅस्केट आणायला विसरू नका. आणि फुकटवाल्या मिस्त्रीला एवढंच विचारा, काढलेले वॉल तो कुठे ठेवतो.